खोली क्रमांक चार आणि सव्वापाचची गाडी

वाट पाहता येणे ही ज्ञानाची पहिली पायरी आहे. जो थांबू शकतो तोच विचार करू शकतो, आणि जो विचार करू शकतो तोच मुक्त होतो. ही दोन वाक्ये मी दरवर्षी प्रथम वर्षाच्या स्वागत समारंभात म्हणतो, आणि म्हणताना माझे लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे असते. समोरच्या मुलींचे भिंतीवरच्या घड्याळाकडे असते. दोन्ही घड्याळांत चार मिनिटांचा फरक आहे आणि त्यावरून आमच्यात मतभेद आहेत. माझ्या वाक्यांवरून अजून झालेले नाहीत.

आमचे महाविद्यालय कला शाखेचे आणि लहान. अमरावती आणि अकोला यांच्या मधल्या एका तालुक्याच्या गावात आहे. यातला ‘मधल्या’ हा शब्द महत्त्वाचा. इथे शिकवणारे जवळजवळ कोणीच इथे राहत नाही. अर्धे अमरावतीहून येतात, अर्धे अकोल्याहून. सकाळी दोन विरुद्ध दिशांनी विद्वत्ता गावात येते आणि दुपारी साडेतीनला यंत्रावर अंगठा लावून दोन विरुद्ध दिशांनी निघून जाते. प्राचार्य अकोल्याचे, मी अमरावतीचा. बाकीचे चौघे चौघे मिळून कारने जातात. कारमध्ये वेतन आयोगावर चर्चा असते, म्हणून मी रेल्वेने जातो. माझी पॅसेंजर पावणेसहाची. म्हणजे रोज सव्वादोन तास मी या इमारतीत काही कारण नसताना असतो. एकोणीस वर्षे झाली, पण मला बसून राहण्याची सवय लागलेली नाही. व्हरांड्यात फेऱ्या मारतो, सूचनाफलकावरच्या जुन्या सूचना वाचतो, गाडी कुठवर आली ते मोबाईलवर पाहतो. ती नेहमी अकोल्याच्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेतरी उभी असते.

विषय तत्त्वज्ञान. वर्गात पंधरा-वीस जण असतात. विषय आवडतो म्हणून घेतला, असे मला आजवर दोघांनी सांगितले. त्यांतल्या एकाने पुढच्या आठवड्यात भूगोल घेतला.

त्या सव्वादोन तासांत इमारतीतली एकच खोली जिवंत असायची: खोली क्रमांक चार, म्हणजे वाचनकक्ष. दोन लांब टेबले, अठरा खुर्च्या, एक कपाट, आणि रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. आसपासच्या खेड्यांतल्या मुलींचे तास तीनला संपतात आणि त्यांची एसटी सव्वापाचला येते. मधल्या वेळी त्या या खोलीत बसायच्या. तशी सूचना कोणी काढली नव्हती, परिपत्रक नव्हते. ग्रंथालयातले आमचे परिचर, ज्यांना सगळे कॉलेज चाचा म्हणते, ते साडेतीनला अंगठा लावायचे आणि मग घरी जाण्याऐवजी परत येऊन खोली उघडून बसायचे. त्यांचे घर गावातच, मशिदीच्या मागे. नऊ वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची मुलगी इथे शिकत होती. ती शिकून अकोल्याला नांदायला गेली. चाचांचे बसणे चालू राहिले.

त्यांची एक पद्धत होती. ते खिडकीशी बसत. तिथून जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीपर्यंतचा रस्ता दिसतो. एसटी त्या भिंतीला वळली की चाचा टेबलावर दोनदा बोटे वाजवत. तेवढे पुरे. मुली दप्तरे उचलून निघत आणि पोचत तोवर गाडी स्टँडवर लागत असे. स्टँडवर त्यांना एक मिनिटसुद्धा उभे राहावे लागत नसे. आणि तेच महत्त्वाचे होते, हे मला एका बापामुळे समजले.

तो बाप मुलीला घेऊन प्रवेशाच्या वेळी आला होता. काळ्या मातीतला, कमी बोलणारा माणूस. पायात चिखलाचे बूट, शर्टाच्या खिशात दोन पेन. फॉर्म मी भरून घेत होतो. सही करण्याआधी तो म्हणाला, “सर, शिकते त शिकू द्या. पन स्टँडावर उभी दिसली मले, त त्या दिवसापासून बंद. मंग मले समजवाले कोनी घरी येऊ नका.”

स्टँड म्हणजे आमच्याकडे एक पत्र्याचे छप्पर, दोन पानठेले आणि मोटरसायकलवर आडवी बसलेली आठ-दहा मुले. बापाचे म्हणणे मला पटले नाही. मी त्याला स्त्रीशिक्षणावर थोडे ऐकवले. तो शांतपणे ऐकत होता. मग मुलीनेच मला थांबवले, “सर, राहू द्या न. चाचाची खोली हाये, थे मी त्याइले सांगतलं. तुमी सही कुठी लागते ते दाखवा.”

त्या खोलीच्या भरवशावर तिने पहिले वर्ष काढले.

ती दुसऱ्या वर्षाला असताना मूल्यांकन समिती येणार असल्याचे कळले. ज्यांनी मूल्यांकनाला तोंड दिलेले नाही त्यांना सांगतो: बाहेरगावचे तीन विद्वान दोन दिवस येतात, कॉलेज पाहतात, आणि श्रेणी देतात. त्या श्रेणीसाठी वर्षभर आधीपासून फायली तयार होतात. ज्या बैठका झाल्या नाहीत त्यांची इतिवृत्ते लिहिली जातात, आणि ती लिहिण्यासाठी खऱ्या बैठका घ्याव्या लागतात. आमच्याकडे भिंती रंगल्या. अमरावतीच्या एका रोपवाटिकेतून दोनशे कुंड्या तीन दिवसांच्या बोलीवर ठरल्या. व्हरांड्यात एक मासोळ्यांची पेटी आली. ती कशासाठी, हे मी विचारले तेव्हा प्राचार्य म्हणाले, “वातावरण.”

प्राचार्य वाईट गृहस्थ नाहीत. घाबरलेले गृहस्थ आहेत. समितीला टेकायला एक खोली हवी होती आणि स्वच्छतागृहाला लागून असलेली खोली एकच होती. क्रमांक चार. टेबले निघाली, खुर्च्या सभागृहात गेल्या. संस्थेच्या अध्यक्षांच्या घरून मरून रंगाचा पाच माणसांचा सोफा आला. तो दारातून आत जाईना. मग खिडकीचे लोखंडी गज कापले, सोफा खिडकीतून आत घेतला, आणि गज पुन्हा वेल्डिंग करून त्यावर ताजा रंग मारला. काम इतके सफाईचे झाले की सगळ्यांनी कौतुक केले. चाचा एकटेच सोफ्याकडे आणि गजांकडे आळीपाळीने बघत होते.

“सर,” ते मला हळूच म्हणाले, “अंदर तो चला गया. निकलेगा कहाँ से?”

मी प्राचार्यांना हे सांगितले नाही. त्या दिवसांत त्यांना कोणीच काही सांगत नव्हते.

समितीला अजून तीन आठवडे होते, पण खोलीला कुलूप लागले. मुली पायऱ्यांवर बसू लागल्या. पायऱ्यांना रंग द्यायचा होता, म्हणून साडेतीननंतर आवार रिकामे करण्याची सूचना निघाली. मुली कडुनिंबाखाली गेल्या. तिथे नवी लॉन लावली होती. मग त्या स्टँडवर गेल्या. आणि चौथ्या दिवशी, शनिवारी, बाजाराला आलेल्या बापाने मुलीला पत्र्याखाली उभी पाहिली.

ती तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

“सर, घरी बसून परीक्षा देता येते का?”

“काहून?” मी विचारले. एकोणीस वर्षांत इथला ‘का’ मलाही येऊ लागला आहे.

“बाबा म्हनते, खोली उघडली त जाय. नाई उघडली त बस झालं.” मग दप्तर सावरत, “सर, एक विचारू? तुमच्या कमेटीले आमच्याच खोलीत झोप येते का?”

मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी मला बसा म्हटले. मी बसलो नाही. समिती गेल्यावर खोली परत द्याल का, एवढेच विचारले. ते म्हणाले, “सर, एवढा चांगला अतिथी कक्ष झाला आहे. आता तो मोडायचा? अध्यक्षांना काय सांगू? मुलींना काय, दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

त्यांना अकोल्याची कार मिळते. त्या घटकेला मला त्यांचा राग आला आणि लगेच स्वतःचाही आला, कारण खोली गेल्यापासून माझीही फेऱ्यांच्या मध्ये टेकायची जागा गेली होती. या लढ्यात माझे पाय किती आणि तत्त्व किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मग एक संधी आली. समितीला दोन ‘उत्तम प्रथा’ दाखवाव्या लागतात. म्हणजे हे कॉलेज करते आणि दुसरे करत नाही अशा दोन गोष्टी. त्यासाठी बैठक झाली. पहिली प्रथा वृक्षसंवर्धन ठरली. कुंड्या ठरलेल्याच होत्या. दुसरी सापडेना. इतिहासवाले म्हणाले, आपण दरवर्षी सहल कौंडण्यपूरला नेतो. प्राचार्य म्हणाले, सगळेच नेतात. कोणी म्हणाले, दर गुरुवारी खादी घालू. समितीचे येणे मंगळवारी होते.

“मी लिहितो एक,” मी म्हणालो.

“लिहा, लिहा. तुमची भाषा चांगली आहे. दोन पानं टाका.”

आयुष्यभर मी ज्या भाषेची चेष्टा केली त्या भाषेत मी ती दोन पाने लिहिली. शीर्षक दिले, ‘सायं-स्वाध्याय: ग्रामीण विद्यार्थिनींच्या ज्ञानयात्रेतील एक दीपस्तंभ’. एसटीच्या वेळेला ‘परिवहनविषयक परिस्थिती’ म्हटले. चाचांना ‘स्वाध्याय समन्वयक’ केले. टेबलावर दोनदा बोटे वाजवण्याला ‘ध्वनिसंकेताधारित वेळ-व्यवस्थापन’ म्हटले. उपक्रम नऊ वर्षे अखंड चालू आहे असे लिहिले, आणि स्थळ: खोली क्रमांक चार. चाचांना मी ती पाने वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “ये कौन आदमी है सर? अपने यहाँ काम करता क्या?”

प्राचार्यांनी शीर्षक वाचले, खूश झाले, आणि पाने संकेतस्थळावर चढवली. माझा हिशेब साधा होता. एकदा ती पाने सरकारदरबारी गेली की समिती गेल्यावर खोली बंद ठेवणे त्यांना अवघड जाईल. मी तत्त्वज्ञान शिकवतो, तरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. समिती ती पाने वाचेल, आणि येऊन खोली मागेल. आमच्यापैकी कोणाच्याच ती लक्षात आली नाही, कारण आमच्याकडे कागद वाचण्यासाठी लिहिले जात नाहीत.

मंगळवारी समिती आली. लेझीम झाले, ओवाळणे झाले, फेटे झाले. समितीचे प्रमुख परराज्यातले, निवृत्त, उंच आणि गुडघ्यांनी त्रस्त असे गृहस्थ होते. फेटा त्यांनी दहा मिनिटे सहन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना सेमाडोहच्या जंगलात नेण्याचा बेत होता. गुडघे दाखवून त्यांनी तो आल्या आल्याच रद्द केला. प्राचार्यांचा चेहरा पडला. जंगलातले विश्रामगृह त्यांनी श्रेणीच्या आशेने सांगून ठेवले होते.

त्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सगळ्या विद्यार्थ्यांची हजेरी सक्तीची होती, म्हणून मुलगीही आली होती. बापाने तिला मोटरसायकलवर आणून सोडले होते आणि तीन वाजल्यापासून तो तिला परत न्यायला फाटकाशी येऊन उभा होता. मी दोनदा फाटकापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो.

साडेतीनला इमारत रिकामी झाली. मुली स्टँडकडे गेल्या. प्रमुख बाकीच्या दोन विद्वानांना घेऊन सोफ्यावर टेकले, बूट सैल केले, आणि फायलींचा गठ्ठा मांडीवर घेतला. प्राचार्य, मी आणि आमचे आणखी दोघे भिंतीला लागून उभे. समोर काजूची ताटली. त्यांनी माझी दोन पाने काढली. मला माझे शीर्षक उलटे दिसले.

“ये बहुत अच्छा है,” ते म्हणाले. “शाम का स्वाध्याय. नौ साल से. ये मैं देखना चाहूँगा. अभी तो चल रहा होगा?”

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मासोळ्यांच्या पेटीकडे पाहिले. दारातून ती दिसत होती.

“कमरा नंबर चार,” प्रमुखांनी पानावरून वाचले. “किधर है?”

चाचा चहाचा ट्रे घेऊन आत येत होते. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

“साब, आप उसीमें बैठे हैं.”

प्रमुखांनी पान खाली ठेवले.

“और लडकियाँ?”

“स्टँड पे,” चाचा म्हणाले. “आप बैठे हैं ना, इसलिए.”

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटले नव्हते. नियम सांगावा तसे म्हटले. प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बुला लीजिए,” ते म्हणाले.

चाचा धावत गेले. वयाच्या मानाने बरेच धावले. पाच मिनिटांत अकरा मुली आत आल्या आणि बसायला खुर्ची नाही म्हणून भिंतीशी उभ्या राहिल्या. फाटकाशी चाचांनी त्या मुलीलाही हाक मारली होती. ती मोटरसायकलवर मागे बसली होती, ती उतरली आणि आली. सगळ्यांत शेवटी आली म्हणून तिच्या वाट्याला सोफ्याची रिकामी कड आली. ती बसली, अगदी काठावर.

“आप यहाँ क्या पढती हैं?” प्रमुखांनी तिला विचारले.

“काही नाई सर,” ती म्हणाली. “गाडीची वाट पाहतो आमी. वाटलं त वाचतो.”

दोन पानांचा दीपस्तंभ तिथल्या तिथे विझला. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात खिडकीशी सावली आली. बाप मुलीमागे आवारात आला होता. समितीसाठी आदल्या रात्री पुन्हा रंगवलेल्या गजांना हात लावून त्याने आत पाहिले. आमच्यातल्या कोणाकडे न पाहता सरळ सोफ्यावरच्या माणसाला त्याने विचारले, “साब, ये आज के वास्तेच है, का रोज का?”

प्रमुखांनी प्राचार्यांकडे पाहिले. हा प्रश्न मी दोन आठवड्यांपूर्वी विचारला होता. तेव्हा उत्तरात अध्यक्ष आले होते. आता खोलीत तीन विद्वान, अकरा मुली, माझी दोन पाने आणि गजांवर एक हात होता.

“रोजचं,” प्राचार्य म्हणाले. “रोजचंच आहे. नऊ वर्षांपासून.”

“उद्यापासून?” बापाने विचारले.

“उद्यापासूनही.”

बापाने मान हलवली. गजांवरचा हात काढला. तळव्याला हिरवा रंग लागला होता, तो त्याने पँटला पुसला. मुलीला म्हणाला, “मंग गाडीनं ये व.” आणि तो एकटाच मोटरसायकल चालू करून निघून गेला.

प्रमुखांनी चहा घेतला. त्यांनी मुलींना आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, मुलींनी काजू खाल्ले. मग प्रमुख ग्रामीण भागातल्या उच्च शिक्षणाच्या भवितव्याविषयी बोलू लागले. चांगले बोलत होते, आणि पाच वाजून गेले तरी बोलत होते. वाक्याच्या मध्यावर असताना खिडकीशी उभ्या असलेल्या चाचांनी, टेबल नव्हते म्हणून, खिडकीच्या लाकडावर दोनदा बोटे वाजवली. अकरा मुली उठल्या आणि गेल्या. प्रमुखांचे भवितव्य अर्धे राहिले. त्यांनी रिकाम्या खोलीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“ध्वनिसंकेत?” त्यांनी विचारले.

“हो सर,” मी म्हणालो.

त्या दिवशी माझी पॅसेंजर चुकली. पुढची गाडी मिळेपर्यंत मी फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेळा गेलो ते मोजले नाही.

श्रेणी आली ती आधीच्या वेळी होती तीच. अहवालात वृक्षसंवर्धनाचा उल्लेख नव्हता. कुंड्या गुरुवारी सकाळीच परत गेल्या होत्या. खोली क्रमांक चारविषयी मात्र एक वाक्य होते, कौतुकाचे. त्या वाक्यामुळे प्राचार्यांनी दारावर माझ्या शीर्षकाची पितळी पाटी लावली आणि खोलीला एक नोंदवही दिली. आता मुलींना येताना वेळ लिहावी लागते, जाताना वेळ लिहावी लागते, आणि ‘आज काय शिकलात’ या रकान्यात एक ओळ लिहावी लागते. त्या सगळ्या जणी मिळून रोज एकच ओळ लिहितात: ‘गाडीची वाट पाहिली.’ टेबले परत आली. सोफा गेला नाही, कारण त्यासाठी गज पुन्हा कापावे लागतील. अध्यक्षांनी दोनदा निरोप पाठवला, मग नवा घेतला.

चाचा अजून खिडकीशी बसतात. मी दारापासून कपाटापर्यंत फेऱ्या मारतो. चाचा कधी कधी म्हणतात, “बैठो ना सर, सोफा है.” मी कडेवर टेकतो आणि उठतो. आपण काही वाचवले, की फक्त एका खोलीला नोंदवही लावून दिली, हा विचार करायला पावणेसहापर्यंत भरपूर वेळ असतो आणि तो पुरत नाही. पण बाप पुन्हा आला नाही, आणि आमच्याकडे बाप न येणे हीच संमती धरतात.

मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. रोज सोफ्याच्या त्याच कडेला बसते. दुसऱ्या वर्षाचे तिचे सगळे विषय निघाले. फक्त तत्त्वज्ञानात एटीकेटी आहे.